विद्या आणि जिव्हाळा

(बारावीच्या निकालानंतर तालुक्याच्या गावी भरलेल्या पालक-विद्यार्थी सभेत केलेले भाषण)



बाजारात बैल घ्यायला गेलेला आमचा शेतकरी काय करतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. तो दात पाहतो, खूर पाहतो, जू मानेवर ठेवून चार पावले चालवून पाहतो, आणि मग रुमालाखाली बोटे धरून सौदा करतो. सुतार लाकूड घेताना गाठ शोधतो. कुंभार माती बोटांत चुरून पाहतो. पारख करण्याची ही बुद्धी आमच्या घराघरांत आहे. परंतु हाच मनुष्य मुलाला किंवा मुलीला तीन-चार वर्षांसाठी कॉलेजात घालावयास निघाला, म्हणजे ती सारी पारख घरी खुंटीला टांगून जातो. मोठी कमान पाहतो, वर्तमानपत्रातली रंगीत जाहिरात पाहतो, भावकीतला कोणी तेथे शिकतो एवढे ऐकतो, आणि पैसे भरून मोकळा होतो. बैल वाईट निघाला तर पुढल्या बाजारी विकता येतो. पोराची गेलेली वर्षे कोणत्या बाजारात परत मिळणार?

म्हणून आज आम्ही एवढाच विषय घेतला आहे की, कॉलेज किंवा विद्यापीठ निवडताना काय पाहावे. आमच्या मते दोन गोष्टी पाहाव्यात, आणि त्या दोन्ही एकाच तराजूत घालून पाहाव्यात. पहिली गोष्ट विद्या. तेथे खरोखर शिकवितात काय? दुसरी गोष्ट जिव्हाळा. तेथे शिकणाऱ्याला ही संस्था माझी आहे असे वाटते काय? तो तेथे खेळतो, बोलतो, गातो, भांडतो, चार मित्र जोडतो, आणि बाहेर पडल्यावर अभिमानाने तिचे नाव घेतो काय?

पहिल्या गोष्टीबद्दल कोणी वाद घालणार नाही. दुसरी गोष्ट काढली की आमचे वडीलधारे म्हणतात, "खेळ, गॅदरिंग, नाटके ही श्रीमंतांच्या पोरांची चैन आहे. आमच्या पोराने पुस्तकात डोके घालावे आणि नोकरीला लागावे." या म्हणण्यामागे पोटाची काळजी आहे, ती आम्ही जाणतो. पण हे म्हणणे खरे नाही, आणि ते का खरे नाही हे नीट समजून घेतले पाहिजे.

ज्याच्या घरी तीन पिढ्या कॉलेजात गेल्या, त्याला कॉलेजात पाऊल टाकताच सर्व ओळखीचे वाटते. अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावा, प्राध्यापकांना शंका कशी विचारावी, ग्रंथालयातून पुस्तक कसे काढावे, हे त्याने घरातच ऐकलेले असते. आमच्या घरातला पहिलाच मुलगा तेथे जातो तेव्हा त्याला विचारावयास कोणी नसते. त्याची भाषा निराळी, कपडे निराळे. इंग्रजी ऐकून तो गांगरतो. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले की त्याला वाटते, आपण येथले नव्हेच. बुद्धी शाबूत असते, पण मन उठते. तो सणाला घरी येतो आणि परत जात नाही. अशा वेळी ज्याला कबड्डीच्या संघात जागा आहे, ज्याची खोलीतल्या सोबत्याशी मैत्री जमली आहे, ज्याचे नाव एका तरी प्राध्यापकाला ठाऊक आहे, तो टिकतो. श्रीमंताच्या पोराला जिव्हाळा ही चटणी असेल. आमच्या पोराला ती भाकरी आहे.

ही गोष्ट आमच्या थोर पुरुषांनी फार पूर्वी ओळखली होती. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातला शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांकडे जातो, हे त्यांनी त्यात परखडपणे मांडले. पुढे शाहू छत्रपतींनी पाहिले की, नुसती शाळा-कॉलेजे उघडी ठेवून भागत नाही. खेड्यातला मुलगा कोल्हापुरास आला तर राहील कोठे, जेवेल कोठे, त्याला आपले म्हणणार कोण? म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यानंतर जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, सोनार अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगे निघाली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. वर्ग राजाराम कॉलेजात आणि घर बोर्डिंगात, अशी ती जोडी होती. विद्या आणि जिव्हाळा ही दोन पारडी महाराजांनी त्या काळी बरोबर धरली.

मात्र ती बोर्डिंगे जातवार होती, कारण एका पंक्तीला बसण्याची समाजाची तयारी नव्हती. पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकले. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकाच पंक्तीला जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी, ज्यांना मुले वहिनी म्हणत, अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत साताऱ्याकडील घराघरांत सांगतात. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेथेही कमवा आणि शिका हीच रीत राहिली. सकाळी हातात फावडे आणि दुपारी हातात पुस्तक. आता सांगा, ज्या पोराने आपल्या कॉलेजच्या आवारातली माती स्वतः उपसली, त्याला त्या कॉलेजचा अभिमान शिकवावा लागेल काय?

येथे खेळाचीही एक गोष्ट सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव हे शेतकऱ्याच्या घरचे पैलवान. ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजात शिकले. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकला जावयाचे तर पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी केली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्यपद ज्यांनी भूषविले त्या बाळासाहेब खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला एका खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. गुरुजी पोरासाठी घर गहाण टाकतात आणि पोरगा जगाच्या आखाड्यात त्या गुरुजींचा शब्द राखतो, त्याला आम्ही संस्थेचा जिव्हाळा म्हणतो. नुसती घोषणा देणे आणि झेंडा फडकविणे हे त्याचे वरचे टरफल आहे.

आता कोणी म्हणेल, हे सर्व ठीक, पण यात विद्या मागे पडत नाही काय? त्यासाठी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजकडे पाहावे. १८५४ साली निघालेली ही संस्था आता विद्यापीठ झाली आहे, आणि तिच्या विद्येविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विश्वेश्वरय्यांसारखे अभियंते तेथूनच शिकून गेले. तेथे १९२८ पासून बोट क्लब आहे, आणि मुळेच्या पात्रात मुलांची नौकांची रेगाटा होते, ती पाहावयास सारे शहर लोटते. त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा सुमारे एक किलो वजनाचा लहानसा उपग्रह तयार केला, आणि २०१६ साली तो इस्रोच्या अग्निबाणातून आकाशात गेला. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे काम एका वर्षाचे नव्हते. ज्या मुलांनी आरंभ केला ती शिकून बाहेर पडली, त्यांच्या मागच्यांनी ते पुढे नेले, आणि त्यांच्याही मागच्यांनी ते तडीस नेले. बापाने आंब्याची कोय लावावी आणि नातवाने फळ खावे, तसेच हे झाले. विद्या आणि जिव्हाळा ही येथे दोन कामे उरलीच नाहीत.

या बाबतीत अमेरिकेचे नाव फार घेतले जाते. तेथे मुले विद्यापीठाच्या रंगाचे कपडे घालून फुटबॉलच्या सामन्यास जातात. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात एका वेळी एक लाखाहून अधिक माणसे बसतात. पण तेथली खरी शिकण्यासारखी गोष्ट निराळी आहे. १८६२ साली तेथील सरकारने कायदा करून राज्यांना जमिनी दिल्या, आणि त्यांच्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी कॉलेजे काढावयास लावली. म्हणजे ती कॉलेजे मुळात शेतकरी आणि कारागीर यांच्या मुलांसाठी होती. त्यांपैकी बव्हंशी जमीन तेथील मूळ रहिवाशांची होती, हे पापही त्या पुण्याबरोबर सांगितले पाहिजे. आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे १९६८ ते १९७२ या काळात जी कृषी विद्यापीठे निघाली, त्यांच्यापुढे हाच नमुना होता.

अशाच एका कॉलेजात, आयोवा राज्यातील एम्स येथे, १८९१ साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा काळा तरुण दाखल झाला. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर' या १९८१ सालच्या पुस्तकामुळे तो मराठी घरांत पाहुण्यासारखा नव्हे, घरच्यासारखा ओळखीचा आहे. तो गुलामीत जन्मला होता. आधी एका कॉलेजने त्याचा रंग पाहून दारातून परत पाठविले होते. एम्सलाही आरंभी त्याला इतर मुलांच्या पंक्तीला बसू दिले नाही. मुलांनो, पंक्तीचा हा प्रश्न केवळ आपल्याच देशातला नाही, हे लक्षात ठेवा. पण पुढे त्याच कॉलेजात तो वक्तृत्वाच्या मंडळात बोलू लागला, फुटबॉलच्या खेळाडूंचे अंग रगडून त्यांना मैदानात पाठवू लागला, आणि विद्यार्थ्यांच्या लष्करी पथकात कप्तान झाला. वनस्पतिशास्त्रात तर तो अग्रेसर होताच. १८९४ साली पदवी आणि १८९६ साली वरची पदवी घेऊन तो टस्कीगी येथे आपल्या गरीब बांधवांच्या शेतीची सेवा करण्यास गेला. कॉलेजने त्याला आपले म्हटले, तेव्हा त्याची विद्या फुलली, आणि ती विद्या त्याने रयतेच्या बांधावर नेऊन ओतली.

यावरून एक कसोटी निघते. संस्थेचा जिव्हाळा खरा की खोटा हे ओळखावयाचे असेल, तर सर्वांत मागे बसणाऱ्या पोराला तेथे कोणते स्थान आहे ते पाहावे. काही ठिकाणी उत्सव मोठे होतात, पण ते मूठभर मुलांचे असतात. रोज नवा 'डे' आणि रोज नवे कपडे. ज्याच्यापाशी कपडे नाहीत तो त्या दिवशी वर्गालाच येत नाही. काही ठिकाणी जातीजातीचे कंपू असतात आणि त्यालाच अभिमान म्हणतात. काही ठिकाणी नव्या मुलाचा छळ करणे ही आमची परंपरा, असे सांगतात. हा जिव्हाळा नव्हे, गुंडगिरी आहे. २००९ सालच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी रॅगिंगला बंदी आहे, आणि मुलाकडून व पालकाकडून तसे प्रतिज्ञापत्र घेतले जाते. आपण त्या कागदावर सही करतो ती न वाचता. ती वाचून करावी, आणि छळ झाला तर तक्रार कोणाकडे करावयाची हे त्याच दिवशी कॉलेजला विचारावे.

याउलट काही संस्था निव्वळ गुणांचे कारखाने असतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत घोकंपट्टी, मैदान नाही, बोलणे नाही, आजारी पोराची चौकशी नाही. निकालाच्या फलकावर पहिल्या दहांची छायाचित्रे झळकतात. बाकीच्या शेकडो मुलांचे काय झाले, हे फलक सांगत नाही. आपले पोर त्या दहांत असेल असे धरून चालू नये. बाकीच्यांत असले तर त्याचे काय होईल, हे विचारावे.

तेव्हा पारख कशी करावी, ते आता थोडक्यात सांगतो.

पहिले असे की, कॉलेज पाहावयास उत्सवाच्या दिवशी जाऊ नये, साध्या मंगळवारी जावे. वर्ग भरले आहेत काय? ग्रंथालयात खुर्च्यांवर मुले आहेत की धूळ आहे? प्रयोगशाळेत मुले स्वतः उपकरणे हाताळतात की एकजण करतो आणि चाळीसजण पाहतात? कारागिराच्या मुलाने तर कार्यशाळेत जाऊन यंत्राला तेल आहे की गंज आहे ते पाहावेच. त्याच्या घरच्या डोळ्याला ते चटकन कळेल.

दुसरे, शिकविणारे कोण आहेत ते विचारावे. नेमलेले प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? तासिकेवरचे अध्यापकही पुष्कळदा जीव ओतून शिकवितात, त्यांना दोष नाही. पण ज्याला पुढल्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो पोराचा तीन वर्षांचा सांगाती कसा होणार?

तिसरे, नॅकची श्रेणी आणि एन.आय.आर.एफ.चा क्रमांक जरूर पाहावा, पण त्यालाच वेद मानू नये. त्या आकडेमोडीत अध्यापन, संशोधन, निकाल, सर्वसमावेशकता आणि लौकिक यांचे गुण धरतात, आणि बरीचशी माहिती संस्थाच भरून देते. हजेरीपटावर नाव आहे म्हणजे पोर वर्गात आहे, असे होत नाही.

चौथे, आणि आमच्या मते हे सर्वांत मोलाचे, आपल्यासारख्याच घरातला शेवटच्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी गाठावी आणि तीन प्रश्न विचारावे. तू पहिल्या वर्षी अडलास तेव्हा कोण धावून आले? तुझ्याबरोबर आलेल्यांपैकी किती जण मध्येच सोडून गेले? आणि तुझ्या धाकट्या बहिणीला येथे घालशील काय? तिसऱ्या प्रश्नाला तो क्षणभर अडखळला, तरी तुम्हांला उत्तर मिळाले.

पाचवे, राहण्या-जेवण्याचे पाहावे. वसतिगृह आवारात आहे काय, मुलींसाठी किती जागा आहेत, रात्री ग्रंथालयातून परत येताना वाट उजेडाची आहे काय? राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. तिचे शिबिर खरोखर खेड्यात होते की कागदावर होते? कमवा आणि शिका योजना आहे काय? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि शिवाजी विद्यापीठातही ती चालते.

सहावे, पैशाचा हिशेब प्रवेशाआधी करावा. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारक शेतकरी यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्त्याची योजना आहे. २०२४ साली राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरच्या पात्र मुलींचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. हे जाणून न घेता मुलीला घरी बसवू नका आणि जमीन गहाण टाकू नका. जी संस्था या योजनांचे अर्ज स्वतः होऊन भरून घेते, तिच्यात जिव्हाळा आहे असे समजावे. जी संस्था दाखल्यासाठी पाच हेलपाटे घालावयास लावते, तिच्या गॅदरिंगच्या रोषणाईला भुलू नये.

आता शेवटचा अवघड प्रश्न. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी नसल्या तर काय करावे? आमचे मत असे. जेथे शिकवीतच नाहीत तेथे कितीही ढोल वाजत असले तरी जाऊ नये, कारण न मिळालेली विद्या मित्रांच्या प्रेमाने भरून निघत नाही. पण जेथे जेथे शिकवणे चांगले आहे, अशा तीन-चार संस्था हाताशी असतील, तर त्यांत क्रमांकाने दोन-चार पायऱ्या खाली असलेली, पण पोराला हात देणारी संस्था निवडावी. आणि विद्या चांगली असून जिव्हाळा थोडा कमी असेल, तर तो आपण बरोबर न्यावा. एका गावचे, एका तालुक्याचे चार-पाच विद्यार्थी एकत्र जा, एकत्र अभ्यासाला बसा, इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, मागे पडलेल्याला ओढून घ्या. या मंडळात जात विचारू नका. शाहू बोर्डिंगात पंक्ती एकच होती, तुमचीही एकच असू द्या.

विद्यार्थी मित्रांनो, हा जिव्हाळा कोणी आयता वाढत नाही, तो कमवावा लागतो. मैदानात उतरा, वक्तृत्वाच्या व्यासपीठावर चढा, बोली गावाकडची आहे म्हणून लाजू नका. पण खेळाच्या नादाने प्रयोगवही कोरी ठेवू नका, कारण तुमच्या फीमध्ये आईच्या खुरपणीची मजुरी आहे. आणि शिकून बाहेर पडाल तेव्हा एक काम करा. दर वर्षी जूनमध्ये एक दिवस काढून गावात या, आणि पुढल्या पोरांना बसवून सांगा की अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावयाचा. तुम्हांला जे सांगणारे कोणी नव्हते, ते त्यांना मिळू द्या.

मायबापहो, प्रवेशाचे अर्ज सुरू झाले आहेत. उद्या सकाळी पोराला बरोबर घ्या, एस.टी. धरा आणि कॉलेज डोळ्यांनी पाहून या. बैलाला जेवढा वेळ देता तेवढा तरी पोराला द्या, एवढीच हात जोडून विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.